मिऱ्या

अब्बांनी कुत्र्याचं नाव ठेवलं होतं कित्मीर. जुलमी राजाच्या भीतीनं गुहेत जाऊन शेकडो वर्षं झोपून राहिलेल्या तरुणांची गोष्ट सूरे कहफमध्ये आहे. त्यांच्यासोबत एक कुत्राही होता. कुरआनात त्याचं नाव येत नाही, कित्मीर हे नाव पुढच्या सांगणाऱ्यांनी दिलं. बीबीत मात्र ते कुणाच्या जिभेवर बसेना. शेजारच्या आजी म्हणाल्या, "हे काय नाव ठेवलं बापा? काया मिऱ्यावानी तर दिसते, मिऱ्या म्हना ना त्याले." आठ दिवसांत कित्मीरचा मिऱ्या झाला आणि अब्बाही त्याला मिऱ्याच म्हणू लागले.

तो आम्हाला सापडला गावाबाहेर, मेलेली ढोरं टाकायच्या जागेवर. २०१३ सालच्या पावसाळ्यात आमची एक गोऱ्ही मेली, ती टाकायला बैलगाडी घेऊन गेलो होतो. एका सांगाड्याच्या आडोशाला चार पिल्लं होती, तीन मेलेली. चौथं अब्बांच्या चपलेला येऊन चिकटलं. अब्बा पक्के नमाजी. त्यांनी पाय मागे घेतला, मग बराच वेळ तिथंच उभे राहिले. परतताना पिल्लू गाडीतल्या पोत्यावर बसलेलं होतं आणि अब्बा माझ्याकडे न बघता म्हणत होते, "खेत के वास्ते कुत्ता रखना जायज है."

त्याच जागेवर पूर्वी गिधाडं उतरायची. अब्बा सांगायचे, ढोर टाकून माणूस घरी पोचायच्या आत आभाळात ठिपके दिसू लागायचे आणि दुसऱ्या दिवशी नुसती हाडं उरायची. मीही लहानपणी ती पाहिली आहेत. उघड्या मानेची, एकमेकांना ढकलणारी, जेवणावळीत उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखी. मग ती कमी झाली आणि एके दिवशी आपण कितीतरी वर्षांत गिधाड पाहिलंच नाही असं लक्षात आलं. गिधाडं गेली आणि ती जागा कुत्र्यांची झाली. मिऱ्या तिथलाच.

मुसलमानाच्या घरी कुत्रा म्हणजे रोजचा हिशेब. कुत्र्याची लाळ नापाक, त्यानं तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवावं असं हदीसमध्ये आलं आहे. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, असंही लहानपणापासून ऐकलेलं. तहानेनं माती चाटणाऱ्या कुत्र्याला विहिरीत उतरून, पायातल्या मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाला अल्लाहनं माफ केलं, ही हदीसही आहेच. पण ती वाजमध्ये ऐकायला मिळते आणि भांड्याची घरात. अम्मीनं पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, "अंदर नको ला रे उसको. चौखट के बाहर." तिनं त्याला एक जर्मनचं भांडं दिलं, ते ओट्याच्या कोपऱ्यात उपडं असायचं. उंबऱ्याच्या आत मिऱ्यानं पाऊल टाकलं की अम्मीची फुंकणी वाजायची. दोन-तीन महिन्यांत त्याला उंबरा समजला. पुढं नऊ वर्षांत, दार सताड उघडं असो की घरात मटण शिजत असो, तो आत आला नाही.

त्याचं खरं काम शेतात. आमच्याकडे हरभरा डोक्यावर आला की रोही आणि डुकरं येतात. त्यातून विहिरीची लाईन रात्रीची. थंडीत जागलीला जायचं तर माणसाला सोबत लागते. अब्बा आणि मिऱ्या मिळून जागल करायचे. अब्बा बॅटरी लावायचे, मिऱ्या भुंकायचा, रोही पलीकडच्या वावरात जायचे आणि तिथला कुत्रा भुंकायचा. एवढंच. पण एकदा, पाणी द्यायला वाकलेल्या अब्बांच्या पुढ्यात तो आडवा उभा राहिला आणि जागचा हलेना. बॅटरी फिरवली तर दांडात घोणस. ही गोष्ट अब्बांनी घरी चार दिवसांनी सांगितली, तीही कुणाला तरी दुसऱ्याला सांगत असताना आम्ही ऐकली.

२०२२ सालच्या दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यात, मिऱ्याला रस्त्यावर मोटारसायकलनं उडवलं. मेहकरकडून सुलतानपूर ओलांडून सिंदखेडराजा, जालन्याकडे जाणारा रस्ता आमच्या गावावरून जातो. समृद्धी महामार्ग तेव्हा सुरू व्हायचा होता, त्यामुळे नागपूरकडची बरीचशी वाहतूक याच रस्त्यानं. मोटारसायकलवाला थांबला नाही. मिऱ्या तीन पायांवर घरी आला आणि ओट्याखाली जाऊन बसला. हाड मोडलेलं वाटत नव्हतं, पण मागची मांडी सुजलेली, हात लावू देत नव्हता.

आता जे सांगायचं आहे ते मी फार दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

अम्मीच्या गुडघ्यांसाठी घरात डायक्लोफेनॅकच्या गोळ्या असतात. कोनाड्यात, तसबीहच्या शेजारी. तिला त्यानं आराम पडतो. सरकारी पशुवैद्यक त्या दिवसांत सापडणं कठीण होतं, का ते पुढं सांगतो. मी विचार केला, दुखणं ते दुखणं, माणसाचं काय नि कुत्र्याचं काय. सकाळी भाकरीच्या तुकड्यात एक गोळी दाबली आणि त्याला दिली. दुपारी तो चार पायांवर उभा राहिला. मला कोण आनंद झाला! दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. असे नऊ दिवस.

सातव्या-आठव्या दिवशी त्यानं भाकरी हुंगून सोडायला सुरुवात केली. तरी मी गुळाला लावून गोळी दिली. मग उलट्या सुरू झाल्या, शी डांबरासारखी काळी. पाणी मात्र बादलीनं पीत होता, आणि प्यायलेलं उलटून टाकत होता. तोंडाला घाण वास येऊ लागला. डोळे तेवढे तसेच होते. अंगणात कुणी आलं की शेपटीचं टोक हलायचं.

त्या वर्षी लंपीनं आमच्या बुलडाणा जिल्ह्याला झोडपलं होतं. जनावरांच्या अंगभर गाठी, पायांना सूज, ताप. गुरांचे बाजार बंद झालेले. डॉक्टर लोक लस टोचत, पंचनामे करत गावोगाव फिरत होते. मेलेल्या बैलाला २५ हजार, दुभत्या गाईला ३० हजार, वासराला १६ हजार अशी सरकारी मदत होती. आमच्या गल्लीतल्या एकाचा ऐन पेरणीच्या धामधुमीत बैल गेला, जोडी फुटली. अशा वेळी कुत्र्यासाठी डॉक्टरला बोलवायची मला शरम वाटत होती. अब्बांना वाटली नाही. ते दुसऱ्याच्या गोठ्यावर आलेल्या डॉक्टरांच्या गाडीपाशी जाऊन तासभर उभे राहिले आणि त्यांना घेऊन आले.

डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. त्यांनी मिऱ्याची हिरडी दाबून पाहिली, डोळ्याची पापणी ओढली, तोंडातल्या जखमा बघितल्या. मग वर न बघता विचारलं, "घरातली कुठली गोळी दिली होती का? माणसांची?"

अब्बा माझ्याकडे बघत होते. दारात अम्मी उभी होती.

"दोन-तीनदा दिली," मी म्हणालो.

"कुठली?"

मी पाकीट आणून दाखवलं. त्यांनी ते वाचलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. रक्त घेतलं, मेहकरला माणसांच्या लॅबमध्ये पाठवायला सांगितलं. तिथल्या फॉर्मात जनावरांसाठी रकानाच नव्हता, त्यामुळे रिपोर्ट आला तो ‘श्री. मिऱ्या’ असा, पुढं आमचं आडनाव, वय ९, पुरुष. एरवी मी हसलो असतो. क्रिएटिनिन जिथं दीडच्या आत असायला हवं तिथं नऊच्या वर होतं. डॉक्टर म्हणाले, माणसाला चालतं ते कुत्र्याला चालेलच असं नाही. या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात आणि किडनीचा रक्तपुरवठा तुटतो. मग काहीतरी आठवून म्हणाले, "गिधाडं याच औषधानं मेली."

मला ते माहीत नव्हतं. नंतर मिळेल ते वाचलं. ढोरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक देत, ढोर मेलं की ते औषध मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि काही दिवसांत गिधाडाच्या किडन्या बंद पडत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एक उरलं. सुरुवातीला लोक विषबाधा म्हणाले, कुणी नवीन रोग म्हणालं. २००४ साली पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून खरं कारण कळलं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसांसाठी ते राहिलं. गिधाडांनी रिकाम्या केलेल्या जागेवर जन्मलेल्या कुत्र्याला मी त्याच औषधानं मारत होतो, आणि गुळाला लावून.

डॉक्टरांनी आशा फार दिली नाही. आठ-दहा दिवस सलाईन देऊन बघू म्हणाले. रोज येणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून मलाच शिकवलं. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलायची, तिचा तंबू होतो, त्या तंबूत सुई सरकवायची. शीर शोधायची गरज नाही. पाणी कातडीखाली साठतं, पाठीवर वशिंडासारखी गाठ येते आणि काही तासांत जिरते. डिसेंबरची थंडी, म्हणून बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची. मटण-मासोळी बंद, मऊ भात. तोंडातल्या जखमा तुरटीच्या पाण्यानं पुसायच्या.

सुई मी टोचायचो. बाकीचं सगळं अब्बांनी स्वतःकडे घेतलं. वय चौऱ्याहत्तर. त्यांनी गोठ्याच्या खुंटीवर एक जुना कुर्ता आणि लुंगी वेगळी टांगली. मिऱ्यापाशी बसायचं तर ते कपडे घालायचे, त्याचं तोंड पुसायचं, खालचं पोतं बदलायचं. अजान झाली की कपडे काढून खुंटीला, बोअरच्या गार पाण्यानं कोपरापर्यंत हात पुन्हा पुन्हा धुवायचे, वजू, दुसरे कपडे, मशीद. परत आले की पुन्हा खुंटी. असं दिवसातून पाच वेळा. मी म्हणालो, मी करतो, तुम्ही नमाजचं बघा. ते म्हणाले, "दोनों का वक्त है मेरे पास." त्यांच्या हातांना भेगा पडल्या.

गल्लीत कुजबूज झालीच. लोकांचे बैल मरताहेत आणि हे कुत्र्याला सलाईन लावतात. ज्याचा बैल गेला होता तो एका संध्याकाळी आला. मी मनातून चरकलो. तो बाजेवर बसला, थोडा वेळ बघत राहिला, मग खिळ्याला टांगलेली बाटली काढून स्वतःच्या हातात धरली. खिळा बुटका होता, बाटली उंच धरली की पाणी बरं उतरतं. हात दुखेपर्यंत त्यानं ती धरली. जाताना म्हणाला, "पंचनाम्यात माह्या बैलाचं वय लिवलं, रंग लिवला, शिंगं लिवली. नाव काय व्हतं ते नाई इचारलं कोनी." नाव सांगून मग तो गेला.

पाच-सहा दिवस मिऱ्या जरा बरा वाटला. एकदा उठून अंगणाच्या कडेपर्यंत गेला, लिंबाच्या खोडाशी पाय वर करायचा प्रयत्न केला आणि पडला. पुढं पाणीही सोडलं. अंगाला झटके येऊ लागले. डॉक्टर फोनवर म्हणाले, आता हे लांबवण्यात अर्थ नाही. तुम्ही सांगाल तेव्हा येतो, इंजेक्शन देऊ, झोपेत जाईल.

मी लगेच हो म्हणणार होतो. मला ते बघवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांतून मला सुटायचं होतं. अब्बा म्हणाले, थांब. जान देणारा तो, घेणारा तो. आपण मध्ये कोण? जुम्याच्या नमाजनंतर त्यांनी इमामसाहेबांना विचारलं. मी जवळच उभा होतो. इमामसाहेबांनी कुत्रा म्हटल्यावर भुवई उडवली नाही, याचं मला अजून बरं वाटतं. जिबह करतानाही सुरी धारदार हवी, जनावराला कमीत कमी त्रास व्हावा, असा हुकूम आहे, तो त्यांनी आठवून दिला. ज्याच्या बरं होण्याची आशाच नाही त्याचं दुखणं लांबवणं योग्य की संपवणं, यात आलिमांची मतं वेगवेगळी आहेत असंही म्हणाले. मग अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला. "जानवर आपके भरोसे था. आप देखो."

म्हणजे निर्णय पुन्हा आमच्याच दारात.

त्या रात्री थंडी फार होती. ओट्यावर ताडपत्री लावली तरी वारा येत होता. मिऱ्या कण्हत नव्हता, नुसता थरथरत होता. जेवणं झाल्यावर अम्मी दारात आली आणि कुणाकडे न बघता म्हणाली, "अंदर ले लो उसको."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिनं पुढच्या खोलीतली जानमाज, कुरआनचा रेहल, सगळं आतल्या खोलीत नेलं होतं. चुलीजवळचं गोणपाट अंथरलं होतं. दार उघडं ठेवून ती बाजूला सरकली. आम्ही त्याला पोत्यासकट उचलून उंबऱ्याशी आणलं आणि दम घ्यायला क्षणभर खाली ठेवलं. तर तो पोत्यावरून सरकला. पुढचे दोन पाय उंबऱ्यावर टाकले, त्यावर हनुवटी ठेवली, आणि तिथंच राहिला. अब्बांनी आत ओढलं तर अंग ताठ करी. अम्मीनं हाक मारली, "आ रे, आ." नऊ वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा आत बोलावलं होतं. तो शेपटीचं टोक हलवत तिच्याकडे बघत राहिला.

गुहेतल्या त्या कुत्र्याचंही वर्णन असंच आहे, उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला. गुहेत माणसं नेमकी किती होती याबद्दल लोकांचा वाद होता. कुणी तीन म्हणे, कुणी पाच, कुणी सात. पण प्रत्येक मोजणीत शेवटी कुत्रा धरलेला आहे. अब्बा दर शुक्रवारी ही सूरह पढतात. त्या दिवशीही सकाळी पढले होते. ते काही बोलले नाहीत. दार उघडंच ठेवून, अंगावरची रजई काढून त्यांनी निम्मी मिऱ्यावर घातली, निम्मी आपल्या पायांवर, आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला भिंतीला टेकून बसले. सगळं घर रात्रभर गार पडलं. कुणी दार लावा म्हणालं नाही.

फजरनंतर अब्बा म्हणाले, "बुला डॉक्टर को."

डॉक्टर संध्याकाळी आले, दिवसभराची फिरती करून. अब्बांनी खुंटीवरचे कपडे घातले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग पायाच्या शिरेत भुलीच्या औषधाचा मोठा डोस. अब्बांनी विचारलं, याला कळेल का? डॉक्टर म्हणाले, झोप लागेल एवढंच कळेल. सुई जाताना मिऱ्यानं डॉक्टरांचा हात चाटला. अब्बांची बोटं त्याच्या कानामागं फिरत होती, ती डॉक्टरांनी छातीवरची नळी काढल्यावरही बराच वेळ फिरत राहिली. पैसे द्यायला गेलो तर डॉक्टरांनी फक्त औषधाचे घेतले.

शेतात, बोअरजवळच्या निंबाखाली खड्डा केला. बैलवाला शेजारी कुदळ घेऊन आला होता. डुकरांनी उकरू नये म्हणून कमरेएवढा खोल घेतला, वर चुना टाकला. मी फावड्यानं माती ओढायला लागलो तेव्हा अब्बा पुढं झाले. सवयीनं त्यांच्या हातून तीन मुठी माती पडली, जशी आपण कबरीवर टाकतो. मग ते एकदम थांबले आणि हात झटकले. ओठ हलले का, ते अंधारात दिसलं नाही.

त्या रविवारी, ११ डिसेंबरला, समृद्धी महामार्गाचं उद्घाटन झालं. टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं. पुढं आमच्या रस्त्यावरची गर्दी खरंच कमी झाली.

आठवडाभरानं मी मेडिकलमध्ये निघालो तर अम्मी म्हणाली, "मेरी गोलियाँ नको लाना."

गुडघे दुखत नाहीत का, मी विचारलं. तिचे गुडघे दुखतच होते, ती ते चोळतच बसली होती. मला एकदम आठवलं. मी दिल्या त्या नऊ गोळ्या. पण त्या दिवसांत कोनाड्यातली दोन पाकिटं रिकामी झाली होती. मला वाटलं होतं, दुसरं अम्मीनं घेतलं असेल.

तिनंच सांगितलं. संध्याकाळी मी बाहेर असताना, अब्बा मगरिबला गेले की ती ओट्यावर जायची. तो पाय ओढताना तिला बघवत नव्हतं. आपल्याला पडतो तसा आराम त्यालाही पडेल म्हणून ती स्वतःची संध्याकाळची गोळी त्याला द्यायची. दुधात घोळून, त्याच्या जर्मनच्या भांड्यात. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती दारातच होती, पण तोंडातून शब्द निघाला नाही. मी दोन-तीनदा म्हणालो तेव्हा तिला वाटलं, माझ्या दोन-तीन तर काहीच नाहीत, तिच्याच नऊ त्याला भोवल्या.

मी माझ्याही सांगितल्या. तिनं पदर तोंडाला लावला आणि बोटांच्या पेरांवर मोजू लागली. सकाळच्या, संध्याकाळच्या. अठरा.

अब्बा अंगणात होते. त्यांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही. अजान झाली तसे ते नळापाशी वजूला बसले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.